चेकॉव्हचा ‘वाचना’चा फोटो भिंतीवर आणताना : कामाच्या नोंदी

६ एप्रिल

रशियन नाटककार चेकॉव्हच्या ‘सीगल’ (म्हणजे एक समुद्रपक्षी) या नाटकाच्या तालमी सुरू झाल्यात. तालमीच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर तो प्रसिद्ध फोटो लावायचा, असं दिग्दर्शक ताईंनी ठरवलंय. मधोमध बसून वाचणारा चेकॉव्ह आणि भोवती मॉस्को आर्ट थिएटरची मंडळी. खाली मराठी मजकूर, शेजारी कोण कुठे बसलंय ते दाखवणारी रेखाकृती. खर्चाला तीन हजार मंजूर. फोटो मॉस्कोच्या पाव्लोव या छायाचित्रकाराने १८९९ साली काढलेला आहे, त्यामुळे हक्कांची भानगड नाही. ताईंना चार फूट रुंद हवाय.

आमच्यासारख्या हौशी संस्थांना असं काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून हे लिहून ठेवतोय. फोटो छापणं सोपं आहे असं सगळेच म्हणतात. छापणं सोपंच आहे.

८ एप्रिल

नेटवर हा फोटो ढिगाने सापडतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा. काही पोस्टकार्डावरून घेतलेले, काही पुस्तकातून, काही तपकिरी, काही काळे-पांढरे. एकदोन चक्क रंगीत. एका ठिकाणी डावं-उजवं उलटलेलं.

उलटा फोटो ओळखायची खूण: पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. ती उलट दिसली की समजायचं, फोटो आरशातला आहे. या फोटोपुरती आणखी सोपी खूण म्हणजे डाव्या टोकाला उभे असलेले थिएटरचे सहसंस्थापक नेमिरोविच-डान्चेन्को आणि उजव्या टोकाला बसलेला नट मेयरहोल्ड. (डावं-उजवं म्हणजे आपल्या, बघणाऱ्याच्या बाजूने. याची कटकट पुढे येतेच आहे.)

रंगीत प्रती पहिल्या फटक्यात बाजूला काढल्या. त्या काळच्या काचेच्या प्लेटा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असायच्या. लाल कापड काळपट यायचं, निळं फिकट. त्या करड्या छटांवरून ओल्गा क्निपर या नटीच्या कपड्यांचा रंग सांगणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. काकांना रंगीतच आवडला होता. नाराज झाले.

११ एप्रिल

संस्थेच्या कपाटात रशियन रंगभूमीवरचं एक जुनं पुस्तक आहे, त्यात हा फोटो आर्ट पेपरवर सात इंच रुंद छापलाय. झेरॉक्सवाल्याकडे तो १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० पिक्सेल धरून, स्कॅन करून घेतला. फाइल आली ८४०० पिक्सेल रुंदीची. चार फुटांना १५० डीपीआय धरला तर ७२०० लागतात, म्हणजे पुरून उरली. ताईंना लगेच कळवून टाकलं की काम झालं.

संध्याकाळी पडद्यावर मोठा करून बघितला तेव्हा चेकॉव्हच्या दाढीत नुसते ठिपके. थिएटरचा दुसरा संस्थापक आणि नट स्टॅनिस्लाव्हस्की, त्याच्या कोटावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. पुस्तकातला फोटो ठिपक्यांच्या जाळीतून छापलेला असतो. जाळी इंचाला १५० ओळींची धरली तर सात इंचांत आडवे १०५० ठिपके, खरा तपशील तेवढाच. स्कॅनरने ८४०० पिक्सेल दिले ते ठिपक्यांच्या कडा नीट दाखवण्यासाठी, चेहरे दाखवण्यासाठी नव्हे. ठिपके घालवायला हलकं धूसर करून फाइल लहान केली, तर लाटा गेल्या आणि त्यांच्याबरोबर डोळेही गेले.

स्कॅनिंगचे ६० रुपये पाण्यात.

१३ एप्रिल

काकांच्या मुलाने एआयवाल्या अ‍ॅपमधून फोटो ‘सुधारून’ पाठवला. मोबाइलवर बघितला तर सगळे वाहवा करू लागले. मी लॅपटॉपवर मूळ फोटो आणि हा शेजारी शेजारी ठेवून बघितला. मागच्या रांगेतल्या दोघांना सारखेच डोळे बसवलेत. क्निपरचा चेहरा गुळगुळीत आणि भलताच. ही बाई वेगळीच कोणी आहे. ज्या फोटोत कोण कोण आहे हे सांगण्यासाठीच आपण तो लावतोय, त्यात चेहरेच नवे बनवले तर रेखाकृती कुणाची काढायची?

हा पर्याय बाद. डाग आणि ओरखडे मात्र हाताने काढायला हरकत नाही. चेहऱ्यावरचा डाग काढताना ब्रश बारीक ठेवायचा. शंका आली तर डाग राहू द्यायचा.

१७ एप्रिल

शेवटी ठिपके नसलेली प्रत मिळाली, म्हणजे फोटोच्या कागदी प्रिंटवरूनच थेट केलेलं स्कॅन. रुंदी २४०० पिक्सेल. आकडा पुस्तकाच्या स्कॅनपेक्षा कितीतरी लहान, पण दाढीत केस दिसतात.

चार फुटांवर पसरला तर इंचाला ५० पिक्सेल पडतात, खोलीत जवळून वाईट दिसेल. ३० इंचांवर ८० पडतात. तालमीच्या खोलीत माणूस चार-पाच फुटांवरून बघतो, तिथून ८० चालतात. ए-फोर कागदावर फोटोचे तुकडे त्याच प्रमाणात छापून भिंतीला चिकटवले आणि ताईंना लांबून बघायला लावलं. ३० इंच मान्य झाले. चार फुटांचा हट्ट सोडवायला याहून स्वस्त उपाय नाही.

१९ एप्रिल

आता मजकूर. काकांनी हौसेने लिहून आणला होता: ‘चेकॉव्ह आपले नवे नाटक ‘सीगल’ कलावंतांना प्रथमच वाचून दाखवताना, १८९८.’

नेटवर बहुतेक ठिकाणी फोटोखाली अशाच अर्थाचं काहीतरी असतं, त्यामुळे काकांचा दोष नाही. पण तारखा मांडून बघितल्यावर यातलं एकही विशेषण टिकत नाही.

नाटक नवं नव्हतं. १८९६ च्या ऑक्टोबरात सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्झांड्रिन्स्की थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला आणि सपशेल आपटला. प्रेक्षक हसले, हुर्यो झाली. चेकॉव्ह इतका दुखावला की पुन्हा नाटक लिहायचं नाही असं म्हणू लागला. मॉस्कोत नाटक परत करू द्या म्हणून नेमिरोविच-डान्चेन्कोंना त्याची मनधरणी करावी लागली. याच नेमिरोविच-डान्चेन्कोंना १८९६ साली स्वतःच्या नाटकासाठी ग्रिबोयेदोव पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की हे खरं ‘सीगल’ला मिळायला हवं. असा माणूस फोटोत पार टोकाला उभा आहे.

वाचनही पहिलं नव्हतं. मॉस्को आर्ट थिएटरने ‘सीगल’चा पहिला प्रयोग केला १७ डिसेंबर १८९८ ला. चेकॉव्ह तेव्हा मॉस्कोत नव्हताच. क्षयामुळे याल्टाला जाऊन राहिला होता आणि यशाची बातमी त्याला तारेने कळली. तो मॉस्कोला आला पुढच्या वसंतात. तोवर हंगाम संपलेला. मग १ मे १८९९ ला दुसऱ्या एका थिएटरात, नेपथ्याशिवाय, खास त्याच्यासाठी प्रयोग केला गेला. हा फोटो त्याच मे महिन्यातला.

म्हणजे हातात संहिता घेऊन चेकॉव्ह ज्यांना नाटक वाचून दाखवतोय, त्यांना ते महिनोन्‌महिने तोंडपाठ आहे. हे वाचन नाही, वाचनाची पोझ आहे.

काकांना हे पटवायला चहाचे दोन कप गेले.

२० एप्रिल

तारखांबद्दल एक सूचना. त्या काळात रशियात जुनी पंचांगपद्धत चालायची आणि एकोणिसाव्या शतकात ती आपल्या तारखांपेक्षा १२ दिवस मागे होती. त्यामुळे पहिला प्रयोग कुठे १७ डिसेंबर तर कुठे २९ डिसेंबर असा दिसेल. दोन्ही बरोबर. गंमत म्हणजे पीटर्सबर्गचा पडलेला प्रयोगही १७ तारखेचा (१७ ऑक्टोबर), आणि चेकॉव्हचा जन्मही १७ जानेवारीचा. नव्या पद्धतीने तिन्ही २९. पण त्याच्याच ‘चेरी ऑर्चर्ड’ या नाटकाचा पहिला प्रयोग त्याच्या वाढदिवसालाच, १७ जानेवारी १९०४ ला झाला आणि तो मात्र ३० जानेवारी होतो, कारण १९०० नंतर फरक १३ दिवसांचा झाला. हे लक्षात न घेता सरसकट १२ मिळवत गेलो असतो तर पाटीवर चुकलं असतं.

आमच्या पाटीवर दिवस घातलाच नाही. ‘मे १८९९’ पुरे.

२४ एप्रिल

रेखाकृती. ट्रेसिंग पेपर प्रिंटवर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढल्या. डोकी एकमेकांवर चढलेली आहेत, त्यामुळे कुठला खांदा कुणाचा यात बराच वेळ जातो. रेषा एकाच जाडीची ठेवली तर सगळा गुंता दिसतो. पुढच्यांची जाड आणि मागच्यांची बारीक केल्यावर वाचता येऊ लागली.

मग आकडे आणि नावं. इथे ‘चेकॉव्हच्या उजवीकडे’ या शब्दांनी घोळ घातला. मूळ वर्णनांत ते चेकॉव्हच्या उजव्या हाताला या अर्थाने असतं. बघणारा आपल्या उजवीकडे बघतो आणि तिथल्या लिलिना या नटीला क्निपर समजतो. तालमीत विचारून बघितलं तर बहुतेकांनी हीच गल्लत केली. म्हणून पाटीवर ठळक लिहायचं: ‘सर्व जागा बघणाऱ्याच्या बाजूने’.

त्या हिशेबाने चेकॉव्हच्या डावीकडे स्टॅनिस्लाव्हस्की, त्याच्या पलीकडे ओल्गा क्निपर. चेकॉव्हच्या उजवीकडे मारिया लिलिना. उजव्या टोकाला बसलेला व्सेवोलोद मेयरहोल्ड. डाव्या टोकाला उभे नेमिरोविच-डान्चेन्को. एवढी सहा नावं घेतली. प्रत्येकाच्या नावापुढे नाटकातली भूमिका द्यायची ही ताईंची कल्पना आणि ती झकास आहे: स्टॅनिस्लाव्हस्की ट्रिगोरिन, क्निपर अर्कादिना, लिलिना माशा, मेयरहोल्ड त्रेप्लेव. आमच्या मुलांना फोटोत आपापलं पात्र सापडतं.

क्निपरच्या नावापुढे काकांनी ‘चेकॉव्हची पत्नी’ लिहिलं होतं. लग्न झालं मे १९०१ मध्ये. फोटोच्या वेळी ओळख होऊन वर्षही झालेलं नव्हतं. फोटोत पत्नी म्हणून कुणी बसलं असेल तर ती लिलिना, आणि ती स्टॅनिस्लाव्हस्कीची.

२७ एप्रिल

रविवारच्या तालमीनंतर सगळ्यांना फोटोसारखं बसवून बघितलं. कारण साधं होतं: एका हाताची रेषा कुणाची हे कळत नव्हतं. ते कळलं. पण त्याहून कामाचं काहीतरी सापडलं.

मधोमध टेबल ठेवलं आणि सांगितलं, वाचन चालू आहे, बसा. सगळे टेबलाच्या चारही बाजूंनी बसले. आपण रोज बसतो तसे. मोबाइल लावला तर निम्म्यांच्या पाठी. फोटोत मात्र कॅमेऱ्याकडची बाजू मोकळी आहे. सगळी गर्दी टेबलामागे आणि दोन अंगांना, रंगमंचावर दिवाणखाना लावतो तशी. प्रेक्षक नाहीतच असं समजून जगायचं, हा ज्या कंपनीचा बाणा, तिने फोटोला बसताना प्रेक्षकांची बाजू काटेकोर सोडली आहे.

दुसरं म्हणजे स्थिर राहणं. घरातल्या उजेडात प्लेट उजळायला वेळ लागायचा, म्हणून आमच्या मंडळींनाही श्वास रोखून ऐकल्याचं सोंग करायला सांगितलं. मधले चौघे-पाच जण सहज टिकले, त्यांना बघायला काहीतरी होतं. टोकाचे लगेच चुळबुळायला लागले. आमच्या त्रेप्लेवने, म्हणजे मेयरहोल्डच्या जागेवरच्या पोराने, तक्रार केली की इथून वाचणाऱ्याचं तोंडच नीट दिसत नाही.

३० एप्रिल

पहिली छपाई. फाइल पेन ड्राइव्हवर दिली, ३० इंच रुंद सांगितलं, सनबोर्डवर चिकटवून. दुपारी आणायला गेलो तर दुकानातल्या पोराने फाइल फ्रेमच्या ठरलेल्या मापात ‘फिट’ करून टाकली होती. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापलेलं. त्याला वाटलं, कडेला काय महत्त्वाचं असणार.

कडेला नेमके नेमिरोविच-डान्चेन्को आणि मेयरहोल्ड. एक मॉस्को आर्ट थिएटरचा सहसंस्थापक. दुसरा पुढे रशियन रंगभूमीचा सगळ्यात मोठा बंडखोर, जो १९३९ साली पकडला गेला, २ फेब्रुवारी १९४० ला गोळी घालून मारला गेला आणि १९५५ साली निर्दोष ठरेपर्यंत ज्याचं नाव घेण्याची सोय नव्हती. त्याला आणखी एकदा आम्ही कापायचं म्हणजे फारच झालं.

शिवाय प्रिंटला हिरवट झाक. काळा-पांढरा फोटो चार शाईंतून छापला की करड्यात कुठली तरी शाई वर येतेच. वर ग्लॉसी लॅमिनेशन, त्यामुळे ट्यूबलाइट लावली की चेकॉव्हच्या जागी ट्यूब दिसते.

४५० रुपये गेले. परत मागायला तोंड नव्हतं, कारण मी सांगितलेली रुंदी बरोबर होती, उंची सांगितलीच नव्हती.

२ मे

यावेळी हे केलं. फोटोभोवती फाइलमध्येच एक इंचाची कोरी पट्टी सोडली, म्हणजे कापलं तरी पट्टीच कापली जाईल. रुंदी आणि उंची दोन्ही फाइलच्या नावातच लिहिली. फोटोला मुद्दाम हलकी तपकिरी छटा दिली. शुद्ध करडा मागितला की दोष दिसतो, तपकिरीत थोडं इकडे तिकडे झालं तरी जुना फोटो म्हणून खपतं. चेहऱ्यांच्या भागाची सहा इंचांची पट्टी आधी छापून मागितली. पोराने तोंड वाकडं केलं, पण ४० रुपयांत दिली. पट्टीत सावल्या फार काळ्या आल्या होत्या, कोट आणि पार्श्वभूमी एक झालेली. पडदा उजळ असतो, कागद नसतो. सावल्या थोड्या उचलून फाइल पुन्हा दिली.

मॅट लॅमिनेशन, हे ओरडून सांगितलं.

५ मे

फोटो उत्तम आला. मजकुराची पाटी बघून हसावं की रडावं कळेना. दुकानातल्या सॉफ्टवेअरने जोडाक्षरं फोडून टाकली होती. ‘स्टॅनिस्लाव्हस्की’च्या मधोमध पाय मोडलेला ‘व’ उघडा पडलेला, ‘ट्रिगोरिन’ची वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसलेली. एवढी रशियन नावं म्हणजे जोडाक्षरांची जत्राच.

उपाय: मजकूर वर्डमध्ये देऊच नका. तुमच्याकडे बरोबर दिसतोय तिथेच त्याची पीडीएफ करा, फाँट आत बसवून. दुकानात तीही फुटली तर अक्षरांचे आकार करून, म्हणजे आउटलाइन करून द्या. मग तो मजकूर राहत नाही, चित्र होतं, आणि चित्राची वेलांटी हलत नाही. एवढं केल्यावर मात्र शुद्धलेखन आधीच तपासा, कारण नंतर एक काना घालता येत नाही.

९ मे

मजकुरावर शेवटची बैठक. हे ठरलं:

‘अंतोन चेकॉव्ह आणि मॉस्को आर्ट थिएटरचे कलावंत, मॉस्को, मे १८९९. ‘सीगल’ रंगभूमीवर येऊन चार महिने उलटल्यावर, वाचनाच्या पोझमध्ये काढलेला फोटो. छायाचित्रकार : पाव्लोव.’

खरा वाद वेगळ्याच गोष्टीवर झाला. त्याच मे महिन्यात चेकॉव्हने लेखक गॉर्कीला लिहिलेल्या पत्रात खास प्रयोगाबद्दल कुरकुर केली आहे. नीना झालेल्या रोक्सानोव्हाचं काम त्याला अजिबात आवडलं नव्हतं, सारखी हुंदके देत होती म्हणतो. आणि ट्रिगोरिन स्टेजवर लकवा भरल्यासारखा चालत-बोलत होता, बघवेना. ट्रिगोरिन म्हणजे फोटोत त्याच्या शेजारी बसलेला स्टॅनिस्लाव्हस्कीच. हे पाटीवर घ्यायचं की नाही?

काका म्हणाले, “अरे, एवढी मोठी माणसं, भिंतीवर त्यांची उणीदुणी कशाला काढता?” आमचा ट्रिगोरिन करणारा मुलगा म्हणाला, घ्याच. स्टॅनिस्लाव्हस्कीला जमलं नव्हतं हे वाचून मला झोप लागेल. ताईंनी मत दिलं की मोठ्या पाटीवर नको, रेखाकृतीखाली बारीक टाइपात. तसं केलं. त्याच जागेत आणखी एक ओळ बसली: थिएटरच्या पडद्यावर पुढे जो उडणारा पक्षी आला, वास्तुविशारद शेख्तेलने केलेला, तो याच नाटकातला.

१४ मे

लावणं. आमच्याकडे रत्नागिरीत जूनपासून भिंती पाझरतात, नुसता सनबोर्ड भिंतीला टेकवला तर गणपतीपर्यंत मागून काळा पडतो आणि वाकतो. फ्रेमवाल्यांनी मागे पाइन लाकडाची चौकट मारून दिली आणि चारही कोपऱ्यांत रबराच्या गुट्ट्या लावल्या, म्हणजे मागून हवा खेळते. काच घेतली नाही. मॅट प्रिंटवर काच लावली की मॅटचे पैसे वाया, आणि काचेच्या आत दमट हवा अडकते.

उंची ठरवताना उभ्या माणसाचा डोळा धरला होता. आमच्या खोलीत सगळे सतरंजीवर बसतात, त्यामुळे रेखाकृती बसून वाचता येईना. ती खाली उतरवली. भिंतीला भोकं उरली, ती व्हाइट सिमेंटने बुजवली.

२१ मे, हिशेब

स्कॅनिंग ६०. वाया गेलेली पहिली प्रिंट ४५०. टेस्ट पट्टी ४०. मॅट प्रिंट सनबोर्डसह ५२०. रेखाकृती आणि दोन्ही पाट्या ३८०, त्यात फुटलेल्या जोडाक्षरांची धरून. चौकट, गुट्ट्या, खिळे ७००. ट्रेसिंग पेपर, व्हाइट सिमेंट, रिक्षा १९०. एकूण २३४०. उरलेले ६६० ताईंनी दुसऱ्या अंकातल्या मेलेल्या पक्ष्यासाठी घेतले. तो थर्माकोलचा करू नका असं सांगितलंय, मागच्या रांगेपर्यंत आवाज जातो.

ज्यांना हीच फाइल छापायची असेल त्यांनी ३० इंचांच्या वर जाऊ नये. पुण्याच्या एका मंडळींनी रेखाकृती मागितली आहे, पीडीएफ पाठवतोय, आउटलाइन करून.